उजीच्या सावलीत

डोकं सांभाळा. हे वासे तुमच्या उंचीच्या माणसाचा विचार करून बांधलेले नाहीत. साल 1587, मे महिन्याचे पहिले दिवस. क्योतोच्या दक्षिणेला असलेल्या उजी गावात, नदीपासून जवळच्या एका चहाच्या मळ्यात तुम्ही शिरला आहात. चहाचा मळा म्हटल्यावर मुन्नारचे उघडे हिरवे उतार डोळ्यांसमोर येत असतील, तर ते बाजूला ठेवा. इथे झुडपांवर मांडव घातला आहे. लाकडी खांब, त्यांवर आडवे बांबू, बांबूंवर बोरूच्या चटया आणि चटयांवर भाताचा पेंढा पसरलेला. बाहेर लख्ख ऊन आहे, आत मात्र आल्याआल्या काहीच दिसत नाही.

थोडं थांबा, डोळे सरावतील. आधी माणसांचे आवाज कळतात, मग हात दिसू लागतात. बायका ओळीनं उभ्या आहेत, कमरेशी टोपल्या आहेत, आणि कोवळे शेंडे चिमटीत धरून खुडले जात आहेत. वर्षभरात या झुडपांना हात लागतो तो याच दिवसांत. एक पान तुम्हीही खुडा. उन्हात वाढलेल्या चहाच्या पानापेक्षा हे पातळ आहे, रुंद आहे, आणि बोटांना इतकं मऊ लागतं की सहज दुमडलं जातं. रंग हिरवा तर आहेच, पण त्या हिरव्याला निळसर काळोखी आहे. चुरडून वास घ्या. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या शेवाळलेल्या खडकांना येतो, तसा समुद्राचा वास आहे हा.

हा वास सावलीचा आहे. शेंडे फुटू लागले की मांडवावर चटया पडतात, आठ-दहा दिवसांनी पेंढा पसरतात, आणि खुडणीच्या वेळेपर्यंत शंभरातला जेमतेम पाच भाग उजेड झुडपांपर्यंत पोहोचतो. एकूण वीस-पंचवीस दिवस झुडूप असं अंधारात ठेवतात. मुळात हा मांडव बहुधा थंडीसाठी आला. वसंतात रात्री गोठलेलं दंव पडून कोवळी पालवी करपायची, ती वाचावी म्हणून वर काहीतरी घालायचं. पण वाचलेल्या त्या पालवीचा चहा निराळाच लागला, आणि उजीच्या लोकांनी दंवाची भीती सरल्यावरही मांडव काढला नाही.

असं का होतं, ते विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रानं सांगितलं. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि ते पानांकडे चढतं. पानाला ऊन मिळालं की त्याचं रूपांतर कॅटेचिनमध्ये होतं, म्हणजे तुरटपणात. ऊन अडवलं की थिअनिन पानात टिकून राहतं, आणि जिभेवर तो गोडसर, भरीव, रेंगाळणारा स्वाद येतो ज्याला आज जगभर उमामी म्हणतात. उजेड कमी म्हणून झाड हरितद्रव्य वाढवतं, पान पसरट करतं. तो गडद रंग आणि हा पातळपणा तिथून आला. तुमच्या शेजारी खुडणाऱ्या बाईला यातला एकही शब्द ठाऊक नाही. कोणत्या दिवशी किती पेंढा टाकायचा, हे मात्र तिच्या घराला चोख ठाऊक आहे.

टोपल्या भरल्या की त्यांच्यामागे चालायला लागा, कारण इथून पुढे उशीर चालत नाही. खुडलेलं पान तासाभरातच आतून बदलू लागतं. तसंच पडू दिलं तर तांबूस होत होत काळ्या चहाच्या वाटेला लागतं. म्हणून त्याच दिवशी ते वाफेवर धरतात. उकळत्या पाण्यावरच्या लाकडी भांड्यात पानं अंथरली जातात, वाफ वर येते, चार-पाच श्वासांत काम झालेलं असतं. कमी पडलं तर हिरवट उग्र वास राहतो, जास्त झालं तर रंग जातो. मग पंख्यानं वारा घालून पानं निववतात आणि पुढच्या खोलीत नेतात. तिथे निखाऱ्यांवर लाकडी चौकटी आहेत, चौकटींवर जाड कागद ताणलेला आहे, आणि त्या कागदावर पानं वाळताहेत. आग राखेखाली दाबलेली आहे. कामगार पानं हलक्या हातानं सतत परतत राहतात आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही. खोलीत पाऊल टाकताच तुम्हाला घाम फुटेल.

एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवा: पान कुठेही वळलं, चोळलं जात नाही. आपण ज्याला जपानी हिरवा चहा म्हणून ओळखतो, तो वाळवताना हातानं वळलेला, सुयांसारखा दिसणारा चहा 1738 साली नागातानी सोएन यानं याच भागात रूढ केला. तुमच्यासमोरच्या चौकटीवर वाळणारं पान सपाटच राहतं. वाळल्यावर त्यातले देठ आणि शिरा निवडून काढतात. या निवडलेल्या, कुरकुरीत तुकड्यांना तेन्चा म्हणतात. माच्चा म्हणून ओळखली जाणारी भुकटी दळली जाते ती यातूनच. तेन्चा नसेल, तर हिरव्या चहाची कितीही बारीक पूड केली तरी ती हिरव्या चहाची पूडच राहते. आज दुकानांत माच्चा म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं काही या कसोटीला उतरत नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

या वर्षीच्या तेन्चाला आता मातीच्या मोठ्या बरण्यांत भरताहेत. उत्तम पानं कागदी पिशव्यांत, आणि त्या पिशव्यांभोवती पोकळी भरायला कमी प्रतीची सुटी पानं. तोंडावर झाकण, त्यावर कागद, त्यावर मोहोर. यातल्या सर्वांत मोलाच्या बरण्या लुझोनमधून, म्हणजे फिलिपिन्सच्या बाजूनं आलेल्या आहेत. तिकडे ती रोजच्या वापरातली साधी भांडी. इथे सरदार त्यांच्यासाठी पैशांच्या राशी ओततात, कारण त्यांत चहा चांगला राहतो असा सगळ्यांचा विश्वास आहे. बरणी हिवाळ्याच्या तोंडाशी उघडायची. उन्हाळाभर बंद राहून पानाचा कच्चा हिरवट उग्रपणा मावळतो आणि स्वाद जुळून येतो.

सहा महिने हाताशी आहेत. तेवढ्यात मागं जाऊन येऊ.

1214 सालचा दुसरा महिना, कामाकुरा शहर. शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, मिनामोतो नो सानेतोमो आदल्या रात्रीच्या मद्यानं हैराण होऊन पडला आहे. एइसाई नावाचे झेन भिक्षू आहेत, सत्तरी उलटलेले. ते देवळातून एक वाडगा चहा मागवतात आणि सोबत चहाचे गुण सांगणारं आपलं पुस्तकही देतात. कामाकुराच्या सरकारी बखरीत ही नोंद आहे. चहा जपानात त्याआधीही आला होता, पण मुरला नव्हता. एइसाई 1191 मध्ये सोंग राजवटीच्या चीनमधून परतले ते बिया आणि पिण्याची रीत दोन्ही घेऊन. त्यांच्याकडून बिया म्योए या भिक्षूंकडे गेल्या, त्यांनी क्योतोजवळच्या डोंगरात तोगानोओला लागवड केली, आणि तिथून पुढे चहा उजीत उतरला.

ती रीत काय होती, ते पाहायला आणखी शंभर वर्षं मागं आणि समुद्रापलीकडे जावं लागतं. सोंग सम्राट ह्वेइझोंग यानं 1107 च्या सुमारास चहावर स्वतः ग्रंथ लिहिला. चहाची दाबून वडी करायची, ती कुटून दळायची, वाडग्यात गरम पाणी ओतून बांबूच्या झाडणीनं घुसळायची, आणि वर आलेल्या फेसाचं कौतुक करायचं. चीनमध्ये ही पद्धत नंतर बुडाली. 1391 मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानं वडीच्या रूपात येणारा चहाचा नजराणा बंद करून सुटी पानं मागवली, आणि हळूहळू घुसळलेला चहा तिकडे विस्मरणात गेला. जपाननं तो धरून ठेवला. वडी सोडून दिली, पान सुटं दळलं, आणि त्या पानावर सावली धरली. ही शेवटची भर उजीची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी.

याच उन्हाळ्यात, 1587 च्या मे अखेरीला, चार जपानी तरुण गोव्यात उतरले आहेत. पोपला भेटून युरोपहून परत निघालेलं हे शिष्टमंडळ. त्यांच्यातला हारा मार्तिनो जून महिन्यात गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमधून भाषण करतो. जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचं जपानमधलं काम गोव्याशी बांधलेलं होतं. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच तिकडे निघाला होता. या तरुणांना पाठवणारा अलेस्सांद्रो वालिन्यानो यानं जपानमधल्या आपल्या प्रत्येक मठात पाहुण्यांसाठी चहाची जागा आणि चहा तयार ठेवावा, असा नियमच घालून दिला होता. उजीच्या मांडवांचं, वाफेचं आणि निखाऱ्यांवरच्या कागदाचं तपशीलवार वर्णन आपल्याला मिळतं तेही एका जेझुइटाकडून. ज्युआंव रॉड्रिग्ज पोरवयात जपानात गेला आणि भाषा इतकी शिकला की राज्यकर्त्यांचा दुभाषा झाला. मघाशी तुम्ही जे पाहिलंत, त्यातलं बरंच काही त्यानं लिहून ठेवलं म्हणून मला तुम्हाला तिथे नेता आलं.

चला, दहावा महिना लागला. आपल्याकडे साधारण दिवाळीचे दिवस. क्योतोच्या कितानो देवळाच्या पाइनच्या बनात आज सगळं शहर लोटलं आहे. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी यानं दवंडी पिटली आहे: चहाची आवड असणाऱ्या प्रत्येकानं यावं, मग तो नोकर असो, व्यापारी असो वा शेतकरी. एक किटली, एक पाण्याची बादली आणि एक वाडगा आणावा. चहा नसेल तर भाजलेल्या धान्याची पूड चालेल. बसायला चटई नसेल तर साधं गोणपाट चालेल. आणि जो येणार नाही, त्यानं यापुढे ती पूडसुद्धा घोळवू नये! हिदेयोशीची सोन्यानं मढवलेली चहाची खोली इथे मांडली आहे. तुम्ही गर्दीतून पुढे घुसून ती पाहून घ्या, कारण हा मेळावा दहा दिवसांचा जाहीर झाला असला तरी एका दिवसात गुंडाळला जाणार आहे.

डोळे दिपले असतील तर आता माझ्यासोबत यामाझाकीला या. तिथे ताइआन नावाची एक खोली आहे, दोन तातामी चटयांची, म्हणजे दोन माणसांनी अंथरुणं टाकली तर भरून जाईल एवढी. सेन नो रिक्यूची म्हणून मानली गेलेली ही एकच खोली आजवर टिकून आहे. हिदेयोशीसाठी चहा करणारा, साकाई बंदरातला हा व्यापारी आता पासष्टीचा आहे. आत शिरायला दारही नाही, गुडघ्यांवर रांगत जावं लागेल असा झरोका आहे. तलवार असेल तर बाहेर ठेवायची. आत भिंती मातीच्या, उजेड मंद. मांडवाखालच्या त्या अंधाराशी तुमची ओळख झालेली आहे. इथे पुन्हा तसाच उजेड भेटतो.

भिंतीआडून एक घरघर ऐकू येते. यजमानाच्या माणसानं आज बरणीची मोहोर फोडली आहे आणि तेन्चा जात्यावर दळायला घेतला आहे. हे जातं हातभर रुंदीचंही नाही, पण त्याची गती बघायला हवी. जो घाईनं फिरवील त्याचा दगड तापेल, आणि दगड तापला की पानात जपलेला वास उडून जाईल. म्हणून खुंटा सावकाश, एका लयीत फिरतो. पाळींमधून हिरवी भुकटी कडेला झिरपते. चिमटीत घेतली तर कण लागत नाही, फक्त बोटांच्या रेषा हिरव्या होतात.

आता यजमानाचे हात पाहा. जमिनीत खोल बसवलेल्या चुलीत निखारे, वर लोखंडी किटली. किटलीतून बारीक सुस्कारा येतोय. पाइनच्या बनातून वारा वाहतो तसा हा आवाज झाला, की पाणी चहाजोगं झालं असं इथले लोक मानतात. थर्मामीटर हाच. यजमान वाडगा गरम पाण्यानं विसळतो, त्यातच बांबूची झाडणी भिजवून मऊ करतो, पाणी ओततो, वाडगा कापडानं पुसतो. वाडगा काळा आहे, चाकावर न फिरवता हातानं घडवलेला. असे वाडगे चोजिरो नावाचा कारागीर रिक्यूसाठी करतो. काळ्यावर हिरवा जसा दिसतो तसा दुसऱ्या कशावर दिसत नाही.

झाडणीकडेही लक्ष द्या. बांबूचं एकच पेर, खालचा भाग मूठ म्हणून अखंड ठेवलेला आणि वरचा भाग चिरत चिरत सत्तर-ऐंशी, कधी शंभरावर काड्यांचा केलेला. नाराजवळच्या ताकायामा गावात ही कला शतकानुशतकं चालत आली आहे. बांबू वाळवून, मुरवून मग सुरीनं एकेक काडी तासतात.

बांबूच्या चमच्यानं भुकटी वाडग्यात पडते, भरपूर. आज दाट चहा आहे. पळीनं थोडंसं पाणी, आणि झाडणी घुसळत नाही, मळते. सावकाश, गोल, पुन्हा आडवी. आणखी थोडं पाणी. फेस येऊ द्यायचा नाही. जे तयार होतं ते ओतलं तर धारेनं न पडता संथ घरंगळेल असं. एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे पितात: वाडगा डाव्या तळव्यावर, थोडा फिरवून, दोन-तीन घोट, कड पुसून पुढच्याकडे. तुमची पाळी आली.

पहिल्यांदा कडू वाटेल, मग नाही. तो समुद्राचा वास नाकात मागून वर येतो, गोडवा जिभेच्या कडांना लागतो आणि गिळल्यावरही बराच वेळ तिथेच थांबतो. इथे फक्त अर्क नाही, पान सबंध पोटात जातंय. वीस दिवसांचा अंधार, चार श्वासांची वाफ, राखेखालची आग, सहा महिने बंद बरणी, न तापलेला दगड. मळ्यापासून वाडग्यापर्यंत प्रत्येकानं पानापासून काहीतरी रोखून धरलं: ऊन, हवा, उष्णता, घाई. मला या चहाबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

नंतर पातळ चहा येतो, आणि हा तोच जो आज जगाला माहीत आहे: दोन चमचे भुकटी, जास्त पाणी, झाडणीची झपझप हालचाल, वर बारीक फेस. रिक्यूला 1591 मध्ये हिदेयोशीच्याच हुकमानं पोट चिरून मरावं लागलं. त्याची रीत नातवंडं-पणतवंडांनी पुढे नेली, आणि आजच्या क्योतोतली तीन सेन घराणी तीच चालवतात. त्यांतही उरासेन्केवाले भरपूर फेस आणतात, ओमोतेसेन्केवाले वाडग्यात एक भाग बिनफेसाचा, अर्धचंद्रासारखा मोकळा ठेवतात.

पुढची शतकं भरभर ओलांडू. 1633 नंतरच्या एखाद्या उन्हाळ्यात तुम्ही शोगुनच्या एडो शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे असाल, तर पटकन बाजूला होऊन मान खाली घाला. पालखीतून चहाच्या बरण्या चालल्या आहेत. शोगुनसाठी उजीहून दरसाल निघणारी ही मिरवणूक आली की सरदारांनाही वाट सोडावी लागे, आणि वाटेवरच्या गावकऱ्यांना रस्ते झाडत बसावं लागे. शोगुनशाहीबरोबरच, 1867 मध्ये, ती थांबली. विसाव्या शतकात कागदाच्या चौकटींच्या जागी विटांच्या भट्ट्या आल्या. भट्टीत जाण्याआधी वाफवलेली पानं जाळीच्या उंच खोल्यांत वाऱ्यानं उडवतात, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत. बोरू आणि पेंढ्याच्या जागी बहुतेक मळ्यांत काळं कृत्रिम कापड आलं. जुन्या पद्धतीचे मांडव उजीत अजून आहेत, थोडे.

जातं मात्र बदललं नाही. ग्रॅनाइटचंच आहे, आता मोटरवर फिरतं, आणि तासाभरात देतं जेमतेम 40 ग्रॅम. म्हणजे छोट्या डबीला एक तास. 2024 च्या शरद ऋतूत जगभरची मागणी इतकी उसळली की क्योतो आणि उजीतल्या जुन्या दुकानांना माणशी किती डब्या द्यायच्या यावर मर्यादा घालावी लागली. मुंबई-पुण्याच्या कॅफेंतही आता माच्चा लाटे मिळते. दुधा-साखरेत आणि केकमध्ये घालायला कमी सावलीतली, यंत्रात दळलेली पूड पुरते, आणि ती तिथेच वापरावी. उत्तम तेन्चा दुधात बुडवणं मला पटत नाही. अंधारात वीस दिवस जे जपलं, ते साखरेखाली पुरायचं कशासाठी?

तेव्हा एकदा तरी घरी असा करून पाहा. डबी लहानच घ्या. रंग पिवळट असेल तर घेऊ नका. भुकटी बारीक गाळणीतून गाळा, नाहीतर गुठळ्या होतील. रुंद वाडगा गरम करा. दोन ग्रॅम भुकटी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि सत्तर मिलिलिटर पाणी. पाणी उकळलेलं असावं, पण थोडं निवलेलं, ऐंशी अंशांच्या खाली. उकळतं ओतलंत तर तुरटपणाच वर येईल. झाडणी तळाला न घासता मनगटानं पुढे-मागे, जलद, पंधरा-वीस सेकंद. आधी काहीतरी गोड खा, म्हणजे चहात साखर लागणार नाही. केल्याकेल्या प्या, कारण भुकटी विरघळलेली नसते, ठेवली की तळाशी बसते. आणि उघडलेली डबी घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. ऊन, हवा आणि उष्णता यांपासून तिला वाचवायचं काम आता तुमच्याकडे आलं आहे.